सदनिकेतून मसाले-फराळ विक्री: निवासी झोनमध्ये नेमकं काय चालतं?

दुसरा_मजला (प्रश्न)

पुणे महापालिका हद्द, तीन मजली सोसायटी, आमची सदनिका दुसऱ्या मजल्यावर. मंजूर नकाशात आणि करारनाम्यात वापर 'निवासी'. घरातल्या दोघीजणी गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि दिवाळीत फराळ करून विकतात. एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि उद्यम (लघुउद्योगाचं) प्रमाणपत्र आहे. आता 2 एचपीचं कांडप यंत्र घ्यायचं आहे, दिवाळीच्या महिन्यात दोन मदतनीस ठेवायच्या आहेत आणि पार्किंगमध्ये आठ दिवस टेबल लावायचं आहे. सोसायटीचं पत्र आलंय: 'व्यावसायिक वापर बंद करा, अन्यथा दरमहा 2000 रुपये दंड.' दोन्ही प्रमाणपत्रं असताना सोसायटी अडवू शकते का? झोनची वेगळी परवानगी लागते का?

नकाशा_खिडकी

आधी एक गैरसमज दूर करू. एफएसएसएआयची नोंदणी पदार्थाच्या सुरक्षिततेसाठी असते आणि उद्यम ही स्वयंघोषणेवरची नोंद आहे. गुमास्ता म्हणजे 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद (कामगार थोडेच असतील तर सुरुवातीपासून 60 दिवसांत नुसती सूचना द्यायची). तिघांपैकी एकानेही जागेचा वापर बदलत नाही. तो ठरतो विकास नियंत्रण नियमावलीने. पुण्यात त्यासाठी 2020 ची यूडीसीपीआर बघायची, मुंबई महापालिकेत डीसीपीआर 2034.

तुमच्या उपयोगाचा शब्द तिथे आहे: 'गृहव्यवसाय'. निवासी झोनमध्ये तो चालतो आणि त्यासाठी वापरबदल करावा लागत नाही, पण व्याख्येतल्या सगळ्या अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. काम त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयांनीच करायचं, पगारी माणूस नको. इथे धंदा चालतो असं इमारतीच्या बाहेरून दिसेल असं काही नको: पाटी नाही, खिडकीत मांडणी नाही. विकायचं ते त्याच घरात तयार झालेलंच. धोकादायक काही नको. यंत्रं घरगुती वापराची, आणि मोटर लावली तर एकूण भार 0.75 किलोवॅटच्या आत. लोकांना बसवून खाऊ-पिऊ घालणं व्याख्येतूनच वगळलेलं आहे.

आता तुमचे बेत या अटींवर ठेवून बघा. 2 एचपी म्हणजे सुमारे 1.5 किलोवॅट, मर्यादेच्या दुप्पट. पगारी मदतनीस आल्या की पहिलीच अट मोडते, मग त्या एका महिन्यापुरत्या का असेनात. पार्किंगमधलं टेबल तर घराबाहेरच गेलं. ती जागा मंजूर नकाशात वाहनांसाठी दाखवलेली आहे, आणि तक्रार झाली की पालिकेला सगळ्यात आधी तेच दिसतं. म्हणजे आजवरचं तुमचं काम नियमात बसतं, वाढवायचं म्हणता ते बसत नाही.

घरघंटी_750

यंत्राबद्दल थोडं. 1 एचपीची घरघंटी 746 वॅटची, म्हणजे मर्यादेला जेमतेम टेकते. तिच्या जोडीला 750 वॅटचा मिक्सर धरला की 'एकूण भार' ओलांडलाच. दोन्ही एकाच वेळी चालवत नाही हे सांगून भागत नाही, कारण पाहणीला आलेला माणूस यंत्रावरची वॅट लिहिलेली पट्टी वाचतो. शिवाय कांडपाचा हादरा स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो आणि मिरचीची धूळ जिन्यात जाते. तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तेच असतं.

म्हणून भाजणं, मिश्रण, पाकिटं भरणं घरी ठेवा आणि कांडप डंकावर (मसाला कुटून देणाऱ्या गिरणीत) करून आणा. महिन्याला 40-50 किलोपर्यंत हे सहज जमतं. डंकावर आधीच्या माणसाच्या मिरचीचा अंश यंत्रात राहतो, तेव्हा धणे-जिऱ्याचा पहिला अर्धा किलो वेगळा काढायला सांगा. आणि माल गरम असताना पिशवी बांधू नका. आत वाफ धरते आणि मसाल्याला जाळं लागतं.

मीटर_रीडिंग

वीजबिलाकडेही लक्ष असू द्या. घराच्या काही भागात व्यवसाय असला तरी महिन्याला 300 युनिट आणि मागच्या आर्थिक वर्षात 3600 युनिट यांच्या आत वापर असेल, तर वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकानुसार घरगुती दरच लागतो. त्यापुढे गेलात तर स्वतःहून अर्ज करून वर्गवारी बदलून घ्या. नाहीतर 2003 च्या वीज कायद्याचं कलम 126 लावतात: दुप्पट दराने आकारणी, आणि कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागच्या 12 महिन्यांची. नोटीस आली तर लगेच लेखी हरकत घ्या, अंतिम आदेश 30 दिवसांत निघतो.

आणि गॅस. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर विक्रीच्या स्वयंपाकाला वापरता येत नाही, त्याला 19 किलोचा व्यावसायिक लागतो. फराळाच्या दिवसांत चार-पाच सिलिंडर गॅलरीत रचून ठेवतात, तसं कृपा करून करू नका. एक जोडलेला, एक राखीव, दोन्ही उभे आणि हवेशीर जागी.

दुसरा_मजला

धन्यवाद. मदतनीस आणि टेबल रद्द. पण दंडाचं काय? आणि शेजारच्या विंगमध्ये एक ताई सुरतेहून साड्या आणून घरी विकतात, त्यांना पत्र नाही आलं.

उपविधी_वाचा

आधी साड्यांचं. त्या तिथे तयार होत नाहीत, म्हणून ते गृहव्यवसायात बसत नाही, ती सरळ दुकानदारी झाली. पण त्यांच्याकडे बोट दाखवून तुमची बाजू भक्कम होत नाही, तेव्हा उत्तरात तो उल्लेख टाळा.

दंड समितीला पत्र पाठवून परस्पर लावता येत नाही. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) आधी कारणे दाखवा नोटीस, सभासदाचं म्हणणं ऐकणं, आणि निर्णय सर्वसाधारण सभेचा. मात्र सदनिका ज्या कामासाठी दिली त्याहून वेगळी वापरायची तर समितीची लेखी परवानगी लागते, हेही त्याच उपविधींत आहे. म्हणून नुसतं 'तुम्हाला अधिकार नाही' असं उत्तर देऊ नका. दोन पानी पत्र द्या: गृहव्यवसायाची व्याख्या जोडा, कोण काम करतं ते लिहा, यंत्रांची यादी वॅटसह द्या, वेळ (समजा सकाळी 10 ते 5), ग्राहक वर न येता गेटवर पाकीट नेतील हे लिहा, आणि परवानगी मागा. पोच शिक्क्यासह घ्या. तरीही वसुली सुरू झाली तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

नकाशा_खिडकी

एक भर. पुढेमागे 2 एचपी आणि माणसं लागणारच असतील, तर सदनिकेचा वापरबदल करण्याच्या मागे लागू नका. दुसऱ्या मजल्यावर ते जवळपास अशक्य. रस्त्याची रुंदी, स्वतंत्र प्रवेश, वाढीव पार्किंग, सगळं आड येतं. छोटा गाळा भाड्याने बघा, पण अनामत देण्याआधी मंजूर नकाशात तो 'दुकान' म्हणून दाखवलाय ना, भोगवटा पत्रात तसाच आहे ना, हे तपासा. प्लॉटचा झोन दाखला नगररचना विभागातून मिळतो. पार्किंग बंद करून काढलेले गाळे स्वस्त असतात, आणि एमआरटीपी (नगररचना) कायद्याच्या कलम 53 ची, म्हणजे बेकायदा काम हटवण्याची नोटीस आली की यंत्रासकट बाहेर पडावं लागतं ते तुम्हालाच. गाळ्यात हलल्यावर एफएसएसएआयच्या नोंदणीतला पत्ताही बदला. ती नोंदणी त्या पत्त्यापुरतीच असते.