हातातलं छोटं काम शेवटपर्यंत गेलं का? क्रॉस स्टिच आणि क्रोशे, तुमचे अनुभव लिहा

परवा कपाट आवरताना एका पिशवीत माझी चार कामं सापडली, चारही टाक्यांच्या दृष्टीने संपलेली, राहिलं होतं ते फक्त शेवटचं, कुठे टोकं लपवायची, कुठे धुवून इस्त्री, कुठे फ्रेम. त्यातली तीन या महिन्यात हातावेगळी केली आणि इतकं बरं वाटलं की हा धागा काढावासा वाटला. घरी केलेली छोटी वस्तू पूर्ण करताना कुठे अडलात, कसं सुटलं ते लिहा, मापांसकट लिहा, दुसऱ्याला उपयोग होतो.

माझ्यापासून सुरुवात. क्रॉस स्टिचचा, म्हणजे फुलीच्या टाक्याने भरलेला मोर, चार्ट ६० बाय ८० फुल्यांचा. फ्रेम आधीच आणून ठेवली, ५ बाय ७ इंची. १४ काउंटच्या कापडावर तो मोर साधारण सव्वाचार बाय पावणेसहा इंच झाला असता, पण माझी मॅटी, म्हणजे भरतकामाचं चौकटी विणीचं कापड, निघाली ११ काउंटची, म्हणजे इंचाला अकराच फुल्या, आणि मोर झाला साडेपाच बाय सव्वासात. पिसाऱ्याची कड फ्रेमखाली जायला लागली. मग ८ बाय १० ची फ्रेम घेतली, कापड पुठ्ठ्यावर ताणलं आणि मागून जाड दोऱ्याने या कडेचं त्या कडेला, बुटाची नाडी ओवतो तसं, आधी उभं मग आडवं ओढून घेतलं. गोंद अजिबात लावला नाही, तो पुढे पिवळा पडतो. आता चार्ट हातात आला की आधी भागाकार करते, मग सुई.

*

मी ठाण्याची, क्रोशे करते. नणंदेच्या रुखवतासाठी पांढऱ्या सुती धाग्याचा गोल रुमाल घेतला होता आणि पाचव्या फेरीपासून त्याला झालर पडायला लागली, टेबलावर सपाट बसेचना. सासूबाईंनी चष्मा लावून एकेक खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, मोजला. पहिल्या फेरीत १२, मग २४, ३६, ४८, असे दर फेरीला बाराच वाढायला हवेत, मी पाचवीत ६० च्या जागी ७२ घातले होते. दोन फेऱ्या उसवल्या, जीव गेला उसवताना, पण रुमाल सपाट झाला. शेवटी त्यांनी साबुदाण्याची खळ करायला शिकवलं, साबुदाणा भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळायचा, रुमाल बुडवून हलका दाबायचा आणि जुन्या उशीवर प्रत्येक टोकाला टाचणी लावून वाळवायचा. टाचण्या मात्र नव्या घ्या, माझी एक गंजकी होती, तिचा तपकिरी ठिपका अजून आहे.

*

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. भाचीच्या बाळासाठी टोपी करत होते, पॅटर्न अमेरिकन आणि मी क्रोशे शिकले इथल्या क्लासमध्ये. अमेरिकन पॅटर्नमधलं डबल क्रोशे म्हणजे इथलं ट्रेबल, हे मला ठाऊकच नव्हतं, मी इथलं डबल घालत गेले, तो टाका बुटका, त्यामुळे टोपीचा घेर बरोबर आला पण उंची कानापर्यंतही येईना. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, सुईवर आधी एक वेढा घेऊन करतात तो खांब, तुझे खांब कुठायत?" टोपी उसवून फेऱ्या पुन्हा केल्या, दोन संध्याकाळी गेल्या. आता पॅटर्नवर पेन्सिलीने 'खांब' असंच लिहिते.

*

छोटासाच अनुभव. पांढऱ्या मॅटीवर लाल धाग्याची वेलबुट्टी, धुताना रंग सुटला. वाळू दिलं नाही, इस्त्री तर मुळीच नाही, उष्णतेने डाग पक्का बसतो. थंड पाण्यात बुडवून ठेवलं आणि दर तासाने पाणी बदललं, रात्रीपर्यंत पाणी स्वच्छ यायला लागलं. मग टॉवेलवर उलटं पालथं घालून मागून इस्त्री केली, म्हणजे फुल्या चपट्या होत नाहीत.

*

मी नागपूरचा. आई गेली तेव्हा तिचं दाराचं तोरण अर्धवट होतं, नऊ कमळं ठरलेली, सहा झालेली, सातव्यात सुई तशीच अडकवलेली. वर्षभर डबा उघडला नाही. मग बायकोने साखळी आणि खांब शिकवले आणि उरलेलं करायला बसलो. आईचा हात घट्ट, माझा सैल, तिच्याच सुईने माझं कमळ जवळजवळ बोटभर मोठं व्हायचं. बायको म्हणाली, बारीक सुई घेऊन बघा. अडीच मिमीची ठेवून दोन मिमीची घेतली तेव्हा कुठे माप जवळ आलं. सातव्या कमळाच्या आतल्या पाकळ्या आईच्या आहेत, बाहेरच्या माझ्या, तिथलं टोक मी लपवलं नाही, तसंच ठेवलंय. पाडव्याला लावलं.

*

वरचं वाचून दोनदा डोळे भरून आले, मनापासून लिहिलंत. माझं चौथं काम अजून पिशवीतच आहे, क्रॉस स्टिचचा बुकमार्क, मागच्या गाठी दिसतात म्हणून अस्तर लावायचंय. फेल्ट जाड होईल का सुती कापड बरं, कोणी लावलं असेल तर सांगा, या रविवारी बसणार आहे.