'माघार घेणारा' याला दुसरा शब्द कोणता?

नौपाडा
एका औषधचाचणीच्या संमतिपत्राचं मराठी करतेय. चाचणीतून केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हा हक्क त्यात स्पष्ट लिहावा लागतो. मी 'माघार घेऊ शकता' लिहिलं, तपासणाऱ्या नर्सताईंनी ते खोडलं. त्या म्हणाल्या, माघार हरलेला घेतो. आधीच धास्तावलेला माणूस हे वाचून नको असतानाही चाचणीत राहील. मला या शब्दात एवढी नामुष्की दिसत नाही. शिवाय तक्त्यात अशा लोकांसाठी एक नाम हवंच आहे. काय लिहू?

कोपरखैरणे
नामुष्की नाहीच. माझे वडील माथाडी, गाव पाटण तालुक्यात. आमच्याकडे 'गाडी चुकली, माघारी आलो', 'गुरं माघारी वळव' असं रोज बोलतात. यात हरलं कोण? मला तर वाटतं 'मागे' आणि 'घर' मिळूनच 'माघार' झालं असेल. घराकडे वळणं, एवढंच.

पाचपाखाडी
'घर' कुठून आणलंत? 'माग काढणे' मधला 'माग' म्हणजे 'मार्ग', 'मागे' त्याच घरातला. पुढचा 'आर' बहुतेक नुसती शेपटी. आणि नवा शब्द कशाला शोधायचा? 'निवृत्त' म्हणजे मुळात मागे वळलेला. गीतेच्या पंधराव्या अध्यायात 'यद्गत्वा न निवर्तन्ते' आहे, ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ. इतका भारदस्त शब्द असताना आपण अडून बसतो.

वाशी
भारदस्त आहे, पण 'चाचणीतून निवृत्त' वाचून माझी आई विचारेल, पेन्शन किती? शब्दाचं मूळ काहीही असो, लोक आज ज्या अर्थाने बोलतात तोच संमतिपत्रात चालेल. सही करणाऱ्याला कळलं नाही तर त्या संमतीला अर्थच उरत नाही.

पाचपाखाडी
वापरलाच नाही तर कळणार कसा? 'महापौर', 'दिग्दर्शक' हे शब्दही सावरकरांनी सुचवले तेव्हा नवेच होते. आज कोणाला अडतात?

कळवा
नर्सताईंचं मला पटतं. निवडणुकीत बघा. वेळापत्रकात छापतात 'अर्ज मागे घेण्याची मुदत', आणि दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा 'बंडखोरांची माघार'. कृती तीच, पण मथळ्यात कोणीतरी नमल्याचा वास येतो. 'माघारी येणे' आणि 'माघार घेणे' हे दोन वेगळे प्रयोग आहेत, पाटणवाल्यांनी ते एक केले.

घंटाळी
माघार घेणाऱ्याचा मान गुजरातीत बघा. आमच्या शेजारच्या आजोबांचं नावच रणछोड. जरासंधाने सतरा वेळा मथुरेवर चाल केली, मग कालयवनही आला; कृष्णाने मथुरा सोडली आणि लोकांना द्वारकेला नेलं. डाकोरला त्या रणछोडरायाचं मोठं देऊळ आहे. आपण मात्र 'रणछोडदास' चिडवायला वापरतो. लोकांना वाचवण्यासाठी मागे सरणाऱ्याला आपल्याकडे चांगला शब्दच नसावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कळवा
आपल्याकडे 'पळपुटा बाजीराव'.

घंटाळी
ते नाव अन्यायाचं आहे. 1802 साली हडपसरला होळकरांनी हरवल्यावर पुण्यात थांबून काय झालं असतं?

कळवा
थांबला नाही म्हणून वसईचा तह झाला ना! इथून खाडीपलीकडे. त्यात इंग्रजांची फौज पदरी घेतली आणि 1818 ला सगळंच गेलं. बिठूरला पेन्शन घेत 1851 पर्यंत जगला. कृष्णाशी तुलना कशी करता?

नौपाडा
उद्या मसुदा द्यायचाय. वाक्यात 'मधूनच बाहेर पडू शकता' ठेवतेय. तक्त्याला 'मधूनच बाहेर पडलेले' फार लांब होतं. कोणी सुचवेल का?

वाशी
'सहभाग थांबवलेले'?

पाचपाखाडी
कोणी थांबवला, डॉक्टरांनी की रुग्णाने? याने दोन्ही अर्थ निघतात. 'निवृत्त' मध्ये तो घोळ नाही.

घंटाळी
पुरंदरच्या तहात, 1665 ला, महाराजांनी 23 किल्ले दिले. त्याला कोणी पळ म्हणत नाही, कारण पुढे ते परत घेतले. बाजीरावाला परत घेता आलं नाही, म्हणून हा शिक्का.

कळवा
महाराजांनी तह करून किल्ले दिले, गादी सोडून गेले नाहीत. फरक तिथेच आहे.

कोपरखैरणे
आमच्याकडे 'पळकुटा' म्हणतात. 'पळपुटा' पुस्तकातला वाटतो. यातला आधीचा कुठला? आणि 'पुटा' म्हणजे काय?