सल्ला हवा: संत्र्याच्या फुलांचा, भूमध्य समुद्राकाठच्या बागेसारखा परफ्यूम

निशिगंध: नमस्कार मंडळी. यंदा मार्चअखेरीस स्पेनमधल्या सेव्हिलला जाणं झालं. तिथे रस्तोरस्ती कडू संत्र्याची झाडं आहेत आणि नेमकी ती फुलली होती. तसा परफ्यूम हवाय: वरून आंबट-ताजा, आत फूल. पुण्याच्या उन्हाळ्यात ऑफिसला लावण्याजोगा. दुकानात ‘सिट्रस’ म्हणून जे दाखवतात ते सुरुवातीला छान वाटतं, पण घरी पोचेपर्यंत काहीच उरत नाही. व्हॅनिलाचा गोडवा नको. बाटली एकच घेणार, म्हणून नीट विचारून घेते आहे.

अत्तरवेडा: लिंबू, संत्रं, बर्गमोट यांच्या सालीचं तेल हलकं असतं, बरंचसं लिमोनिन नावाचं चटकन उडणारं द्रव्य. अंगाच्या उष्णतेने ते आधी उडतं, मग बाटली कितीही महाग असो. त्यामुळे लिंबाकडे बघून निवडू नका. तासाभराने तुमच्यासोबत फूलच राहणार आहे, तेव्हा निवडायचं ते फूल.

कडू संत्र्याचं झाड एक, पण त्यातून वास निघतात तीन. फुलं वाफेवर ऊर्ध्वपातित केली की नेरोली मिळतं: हिरवट, स्वच्छ, किंचित कडसर. तीच फुलं द्रावकात काढली की ऑरेंज ब्लॉसम अ‍ॅब्सोल्यूट: दाट, मधाळ, जाईकडे झुकणारं. पानं आणि कोवळ्या डहाळ्यांचं ते पेटिटग्रेन. झाडाखालचा वास हवा असेल तर नुसतं नेरोली पुरणार नाही, अ‍ॅब्सोल्यूटही लागेल.

आता नावं. लार्तिझाँ पार्फ्यूमरचा ‘सेव्हिल आ लोब’ (2012, बेर्त्राँ द्यूशोफूर) हा तुमच्याच शहराचा: संत्र्याची फुलं, मेण आणि ईस्टरआधीच्या मिरवणुकांमधला धूप. अप्रतिम आहे, पण संध्याकाळचा. ऑफिसात जड होईल. एर्मेसचा ‘अँ जार्दाँ आँ मेदितेराने’ (2003, जाँ-क्लोद एलेना) ट्युनिशियातल्या हम्मामेतच्या बागेवरून केलेला आहे. बाग लैला मेनशारी यांची, एर्मेसच्या दुकानाच्या काचेमागची सजावट त्याच करायच्या. उन्हाळ्यासाठी यासारखा दुसरा नाही असं माझं ठाम मत, फक्त यात अंजिराचं पान पुढे आणि संत्र्याचं फूल मागे. टॉम फोर्डचा ‘नेरोली पोर्टोफिनो’ नेरोलीचाच, साबणासारखा लख्ख आणि भलताच महाग. आक्वा दी पार्माचा ‘कोलोनिया’ 1916 पासूनचा. सुंदर, पण त्यात लिंबू आणि लव्हेंडर अधिक, तुम्हाला हवं ते फूल नाही.

रोजच्यासाठी ‘जो मलोन’ या ब्रँडचा ‘ऑरेंज ब्लॉसम’ आधी बघा.

वरुडकर: आमच्याकडे आंबिया बहराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात. झाडाला पाण्याचा ताण देतो, मग पाणी सोडलं की सगळी बाग एकदम फुलते. नागपुरी संत्रा मँडरिनच्या कुळातला, सेव्हिलचा नव्हे, तरी फुलाचा वास त्याच घराण्यातला. परफ्यूम घेणाऱ्याने एकदा बहरात बागेत यावं. खऱ्या फुलाला थोडा कडवटपणा असतो, तो नाकाला कळला की नुसता गोड परफ्यूम लगेच ओळखता येतो. ताई, पुढच्या बहराला नक्की या.

निशिगंध: दादा, नक्की येईन! अत्तरवेडा, सौम्य ओ द तोआलेत घेऊ की जास्त दाट ओ द पार्फ्यूम? आणि बर्गमोटचं सुटं तेल ऑनलाइन मिळतं, तेच लावलं तर?

अत्तरवेडा: सुटं तेल अंगाला अजिबात लावू नका. इटलीतल्या कलाब्रियात सालं दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की चट्टे उठतात, काळे डाग बरेच दिवस जात नाहीत. परफ्यूममध्ये ते काढून टाकलेलं तेल किंवा ठरावीक मर्यादेतच वापरतात.

ओ द पार्फ्यूम घेतल्याने लिंबू जास्त टिकत नाही, खालचं फूल टिकतं. ऑफिसला ओ द तोआलेत पुरे.

केवडा: सुती ओढणीवर फवारा, त्वचेपेक्षा बराच जास्त टिकतो. रेशमावर नको, डाग पडतो. आणि बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवू नका. ऊन आणि उष्णतेने सिट्रस सगळ्यात आधी बिघडतं. कपाटात, खोक्यासकट ठेवा.

निशिगंध: मनापासून आभार. शनिवारी जो मलोन एका मनगटावर आणि एर्मेस दुसऱ्यावर लावून दुकानातून बाहेर पडते. दुपारी ज्याचं फूल शिल्लक असेल तो घेईन आणि इथे कळवेन.