अस्थिभवन, अस्थीभवन की हाड भरणं?

धागाकर्ती: गरोदर बायांसाठीच्या पुस्तिकेचा अनुवाद करतेय. 'ऑसिफिकेशन'ला 'हाडं टणक होणं' लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी खोडलं. म्हणाले, टणक होणं म्हणजे नुसतं कॅल्शियम साचणं, ते रक्तवाहिनीतही साचतं. 'अस्थिभवन' लिहा. सातवी शिकलेल्या बाईला कळेल का हे?

संस्कृतप्रेमी: 'अस्थीभवन' हवं, थी दीर्घ. आधी नव्हतं ते होणं दाखवायला च्वि प्रत्यय लागतो. शुद्धीकरण, वर्गीकरण, तसंच.

शरीररचना शिकवणारी: व्याकरण मान्य, पण गर्भात तसं घडत नाही हो. मांडीच्या हाडाचा आधी कूर्चेचा, म्हणजे कार्टिलेजचा, मऊ लवचिक साचा असतो. त्यातल्या पेशी फुगतात, भोवती कॅल्शियम साचतं, रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि त्यांच्यासोबत आलेल्या पेशी तिथे हाड रचतात. म्हणजे कूर्चेचं हाड होत नाही, बहुतांशी तिच्या जागी हाड येतं. कवटीच्या वरच्या हाडांना तर कूर्चाही लागत नाही, पडद्यातच थेट हाड. म्हणून मी ऱ्हस्व 'अस्थिभवन'च शिकवते.

संस्कृतप्रेमी: मग 'कूर्चा' तरी कशाला? सुश्रुताने अस्थींच्या पाच प्रकारांत 'तरुण' सांगितलंय. कोवळं हाड!

शरीररचना शिकवणारी: ते नाक-कानातलं. नाकाचा शेंडा सत्तरीतही मऊच राहतो. त्याला कोवळं हाड म्हटलं तर पुढे ते पिकणार असं वाटतं.

दोन मुलांची आई: आमच्याकडे 'टाळू भरली' म्हणतात. धाकट्याला वर्ष उलटलं तरी बोटाखाली ठोके लागायचे. सासूबाई तेल थापताना रोज चाचपायच्या, "अजून भरायचीय गं." 'हाड भरणं' का नको?

कोर्टातला अनुवादक: आमच्याकडे 'ऑसिफिकेशन टेस्ट'च चालतं. बाल न्याय कायदा २०१५, कलम ९४. शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल तरच ती करतात. मी 'हाडांवरून वयनिश्चिती' लिहितो. पक्षकाराला त्याच्याबद्दल काय ठरलं ते कळलंच पाहिजे.

शरीररचना शिकवणारी: त्यात कॉलरबोनही बघतात. गर्भात सर्वांत आधी तेच सुरू होतं, पुरं व्हायला पंचविशी उजाडते.

संस्कृतप्रेमी: कॉलरबोन काय! 'जत्रू' म्हणा.

शरीररचना शिकवणारी: आयुर्वेदवाले त्याला 'अक्षक' म्हणतात.

धागाकर्ती: शुक्रवारी छपाई आहे. तूर्त 'बाळाचं हाड तयार होऊ लागतं' असं लिहिलंय. चालेल?

संस्कृतप्रेमी: अक्षक की जत्रू, त्यासाठी वेगळा धागा काढतो.