मदत हवी आहे: ड्वार्फ फोर्ट्रेस या कॉम्प्युटर गेममधलं सापळ्यांचं प्रवेशद्वार

मंडळी, शत्रू गोब्लिन आले की पूल आपोआप उचलला जावा म्हणून बोगद्यात प्रेशर प्लेट (पाय पडला की संकेत देणारी फरशी) बसवून ती पुलाला जोडली. पण संकेत मिळाल्यावर पूल हलायला १०० टिक (गेममधलं वेळेचं एकक) लागतात, तोवर पुढचे चार-पाच जण आत! शिवाय प्लेटवरून पाय निघाला की थोड्या वेळाने पूल पुन्हा खाली येतो. काल दोन चांगले खाणकामगार गेले, फार वाईट वाटलं.

प्लेट किती घरं (नकाशावरचे चौकोन) आधी ठेवता? की पूल सोडून खड्ड्यावर हॅच (जमिनीतलं झाकण) लावू? ती लगेच उघडते. व्यापाऱ्यांच्या गाड्यांना तीन घरं रुंद, सापळे नसलेली वाट लागते, ती वेगळी कशी काढायची? कुणी नकाशा टाकला तर खूप उपकार होतील.