मदत हवी आहे: मिश्र लागवडीच्या प्लॉटमध्ये भिरंडीची (कोकमाची) तुलना कशी करावी?

गोव्यातल्या सत्तरीत जांभ्या दगडाच्या उतारावर किंदळ, माट्टी, बिबळा आणि भिरंड यांची चाचणी-लागवड आखतोय. प्रश्न एकच: जाती वाढल्या की लाकूड खरंच वाढतं का? चीनमधल्या मोठ्या प्रयोगात ८ वर्षांनंतर १६ जातींच्या प्लॉटमध्ये एकाच जातीच्या प्लॉटपेक्षा सरासरी दुपटीहून जास्त कार्बन साठला होता.

आराखडा असा: २० × २० मीटरचे १२ प्लॉट, प्रत्येक जातीचे २ एकल (एकाच जातीचे) म्हणजे ८, आणि ४ मिश्र. अंतर अडीच मीटर, म्हणजे ८ × ८, ६४ झाडं. कडेची ओळ सोडून आतल्या ३६ झाडांचाच घेर १.३७ मीटरवर मोजायचा. उताराच्या वरच्या भागात माती वीतभर, खालच्या भागात कमरेइतकी. म्हणून वर-खाली दोन गट, प्रत्येकात सगळे प्रकार.

अडतंय ते भिरंडीपाशी. कोवळ्या रोपाला सावली लागते. उघड्यावर एप्रिल-मेमध्ये पानांच्या कडा करपतात, मग शेंडा वाळतो. एकल प्लॉट असा बसला तर मिश्र प्लॉट आपोआप जिंकणार, आणि तो विजय खोटा.

सगळ्याच प्लॉटमध्ये पहिली दोन वर्षं माडाच्या झावळ्यांची सावली केली तर चालेल का? पण त्यानं किंदळ लांबट, बारीक होईल, ही भीती. की भिरंड तिसऱ्या पावसात सगळीकडे एकदमच लावावी? आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं कधी थांबवावं? माझ्या मते दुसऱ्या पावसानंतर थांबवून मेलेलं झाड शून्य धरावं. ज्यांनी मिश्र रोपवन मोजलंय त्यांनी कृपया सांगा, जूनआधी खड्डे मारायचेत.