मदत हवी आहे: आबांच्या आवाजाची कॅसेट वाचवायची आहे

पुढच्या महिन्यात आबांचं वर्षश्राद्ध आहे. लालबागच्या गिरणीत ते साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणी सुटली ती सुटलीच. साताऱ्याकडे गावी येऊन त्यांनी भाजी विकली, पण आम्हा भावंडांची शाळा सुटू दिली नाही. पुढे नातवंडांना मांडीवर घेऊन पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घ्यायचे, अगदी सुरात! त्याची एकच कॅसेट उरलीय. फितीवर पांढरी बुरशी दिसते, त्यामुळे टेपमध्ये घालायची हिंमत होत नाही. फीत तुटली तर आवाज कायमचा जाईल. पुण्यात किंवा साताऱ्यात अशी फीत साफ करून आवाज मोबाईलवर ऐकता येईल असा करून देणारं खात्रीचं कुणी आहे का? कुरिअरने पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येईन.